सगळं घरदार गेलेला माणूस भिक्खू का होतो? (कंबोडियन निर्वासितांबद्दल विचारायचंय)

नदीकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

परवा एका कंबोडियन माणसाची हकीकत वाचनात आली. ख्मेर रूज म्हणजे तिथल्या जहाल कम्युनिस्टांच्या राज्यात पोरगेलासा होता, घरातले एकेक करून गेले, कोणी उपासमारीने कोणी तापाने, वडिलांना एका रात्री "मीटिंगला चला" म्हणून नेलं ते परत आलेच नाहीत. हा मुलगा जंगलातून चालत थायलंडची हद्द गाठून निर्वासितांच्या छावणीत पोचला, तिथून अमेरिकेत गेला, शिकला, नोकरीला लागला आणि सगळं मार्गी लागल्यावर भिक्खू झाला. लिहिणाऱ्याने हे शेवटचं असं लिहिलंय जणू ते ओघानेच आलं. मला मात्र तिथेच अडकायला झालं.

म्हणजे बघा, १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९. कंबोडियातली माणसं हा काळ "तीन वर्षं आठ महिने वीस दिवस" असा मोजून सांगतात म्हणे, एक दिवस इकडेतिकडे नाही. तेवढ्यात १५ ते २० लाख माणसं गेली, देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आतच होती. एवढं सगळं बघून वाचलेल्या माणसाला परत घर, बायको, मुलं, चार माणसांचा गलबला हवासा वाटेल असं मला वाटायचं. तो पुन्हा सगळं सोडून चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, का घेतो? खरं सांगायचं तर ही मला पळवाट वाटली आणि असं वाटलं म्हणून अपराधीही वाटलं. आणि दुसरं, ख्मेर रूजने धर्म तर मुळासकट उपटला होता ना, मग ह्या लोकांना दीक्षा दिली कोणी? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मला खरंच समजून घ्यायचंय.

पाली_शिकतोय:
ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो कारण त्याचं उत्तर ठोस आहे आणि त्यातून पहिल्याकडे पण जाता येतं.

१९७५ च्या आधी कंबोडियात साठ हजारांच्या वर भिक्खू होते. जवळजवळ प्रत्येक मुलगा आयुष्यात कधी ना कधी काही दिवस, काही महिने, एखादा वर्षावास (पावसाळ्यातला विहारातला मुक्काम) चीवर घालायचा आणि मग परत येऊन लग्न करायचा. आपल्याकडे भिक्खू म्हटलं की कायमचा संसार सोडलेला माणूस डोळ्यापुढे येतो, तिथे तसं नाही. ख्मेर रूज आले आणि भिक्खू म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे, रक्त शोषणारे असा प्रचार सुरू झाला, सगळ्यांची चीवरं उतरवली, शेतावर आणि कालवे खणायला जुंपलं, संघराज (भिक्खूंचे प्रमुख) हुओत तात यांना १९७५ मध्येच मारलं. विहारांचं काय केलं तर कुठे तुरुंग, कुठे धान्याचं कोठार, कुठे डुकरं बांधली. आणि ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट स्वतः लहानपणी राजधानी नॉम पेन्हच्या वाट बोतुम विहारात काही महिने राहिलेला होता, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आता दीक्षेचं. विनयाप्रमाणे (भिक्खूंच्या नियमांप्रमाणे) उपसंपदा म्हणजे पूर्ण दीक्षा एकटादुकटा भिक्खू देऊ शकत नाही, संघ लागतो, मध्यदेशात (बुद्धांच्या वावरातल्या गंगेकाठच्या भागात) दहा आणि त्याबाहेरच्या प्रदेशात किमान पाच भिक्खू. कंबोडियात १९७९ मध्ये चीवरातला संघच उरला नव्हता. म्हणून त्या वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिएतनामहून थेरवादी (कंबोडियातल्याच पंथाचे) भिक्खू आले आणि त्यांनी सात जुन्या भिक्खूंना पुन्हा दीक्षा दिली. त्यातले सगळ्यात तरुण तेप वोंग पुढे संघराज झाले. ह्यात राजकारण होतं, सरकार व्हिएतनामच्या पाठिंब्यावर उभं होतं हे उघड आहे, पण परंपरेची वात पुन्हा पेटली ती अशी.

पुढचा भाग महत्त्वाचा. नव्या सरकारने बरीच वर्षं पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना भिक्खू व्हायला बंदी ठेवली, कारण तरुण हात शेतीला आणि सैन्याला हवे होते. ती बंदी ८० च्या दशकाच्या अखेरीस उठली. म्हणजे त्या दहा वर्षांत एखाद्या विशीतल्या कंबोडियन पोराला चीवर घ्यायचं असेल तर स्वतःच्या गावात घेता येत नव्हतं, पण थायलंडच्या हद्दीवर निर्वासितांच्या छावणीत घेता येत होतं, कारण तिथे बांबू आणि गवताचे विहार उभे राहिले होते. खाओ-इ-दांग छावणी नोव्हेंबर १९७९ मध्ये उघडली आणि काही महिन्यांतच लाखाच्या वर माणसं झाली, दवाखाने, शाळा, रेशनच्या रांगा आणि त्यातच विहार. त्यामुळे "निर्वासित होता आणि भिक्खू झाला" हे दोन वेगळे प्रसंग नसतात बरेचदा, निर्वासित झाला म्हणूनच होऊ शकला असंही असतं.

मुसाफिर७२:
कंबोडियन भिक्खू महाघोषानंदांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. ताई तुम्ही वाचलंय ते त्यांच्याबद्दलच असेल. निर्वासित होते, अमेरिकेत ऱ्होड आयलंडला राहिले, शांततेच्या नोबेलसाठी अनेकदा नामांकन झालं.

पाली_शिकतोय:
@मुसाफिर७२ दादा, नाही, त्यांची गोष्ट उलटी आहे. ते आधीपासूनच भिक्खू होते, लहानपणापासून विहारात, नंतर आपल्या बिहारमध्ये नालंदाला शिकले, आणि १९६५ पासून दक्षिण थायलंडच्या एका अरण्यविहारात ध्यान करत होते. देशात नव्हते म्हणून वाचले. घरातलं मात्र कोणीही वाचलं नाही. म्हणजे भिक्खू निर्वासित झाला, निर्वासित भिक्खू झाला नाही.

पण त्यांच्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही हे खरंच. १९७९ च्या सुमारास ते थायलंडमधल्या सा केओ छावणीत गेले. तिथे नुसते बळी नव्हते, ख्मेर रूजचे सैनिक आणि त्यांचे म्होरके पण त्याच पत्र्याताडपत्रीखाली राहत होते आणि आत त्यांचाच दरारा होता. त्यांनी धमकी दिली, विहारात जाल तर परत गेल्यावर बघून घेऊ. तरी हजारो लोक येऊन बसले. त्यांच्यापुढे महाघोषानंदांनी धम्मपदातली ती गाथा म्हणायला सुरुवात केली जी आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे, "न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं, अवेरेन च सम्मन्ति एस धम्मो सनन्तनो". पाली आणि ख्मेर, पुन्हा पुन्हा. लोकांनी हळूहळू सूर मिळवला आणि रडू लागले. कितीतरी वर्षांनी ते शब्द कानावर पडत होते. मी ही गाथा शेकडो वेळा म्हटली असेल पण ज्याने भाऊ मारला तो चार ओळी मागे बसलेला असताना ती म्हणणं म्हणजे काय, ह्याचा विचार करून बघा.

सडेतोड:
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. गाथा मलाही पाठ आहे आणि मनापासून आदर आहे. पण "वैराने वैर शमत नाही" हे ज्याचं सगळं गेलंय त्याला ऐकवणं सोपं असतं आणि त्याचा फायदा मारणाऱ्यालाच होतो. पोल पॉट १९९८ मध्ये झोपेत मेला, एकाही आंतरराष्ट्रीय कोर्टापुढे उभा न राहता. पुढे खास न्यायालय बसलं ते २००६ मध्ये, २०२२ पर्यंत चाललं, आणि इतक्या वर्षांत शिक्षा कितीजणांना झाली तर तिघांना. तिघांना! तोवर बाकीचे म्हातारे होऊन घरी नातवंडं खेळवत होते. नदीकाठ ताईंना पळवाट वाटली तर त्यात अपराधी वाटायचं कारण नाही, तो प्रश्न रास्त आहे.

मुसाफिर७२:
@सडेतोड न्यायाबद्दल शंभर टक्के सहमत, पण अवेर (वैर न धरणं) म्हणजे खटला भरू नका असं कुठे आहे? त्याच न्यायालयाच्या प्रेक्षक गॅलरीत चीवरातले भिक्खू रांगेने बसलेले फोटो आहेत, ते काय माफीपत्र वाटायला गेले नव्हते, साक्षी ऐकायला गेले होते.

आणि पळवाट म्हणाल तर धम्मयात्रा बघा. १९९२ मध्ये महाघोषानंद थायलंडच्या हद्दीवरून छावण्यांतल्या निर्वासितांना सोबत घेऊन नॉम पेन्हपर्यंत चालत गेले, महिनाभर, वाटेत सुरुंग पेरलेले. कितीजणांना तेरा चौदा वर्षांनी वाटेतल्या गावात आपले नातेवाईक भेटले. बायाबापड्या पहाटेपासून रस्त्याच्या कडेला पाण्याची बादली आणि पेटत्या उदबत्त्या घेऊन थांबायच्या, भिक्खू येताजाता उदबत्तीची जुडी त्या पाण्यात विझवायचे आणि तेच पाणी सगळ्यांवर शिंपडायचे. आग विझली, लढाई विझली, एवढा साधा अर्थ. सैनिकसुद्धा बंदूक खाली ठेवून डोकं पुढे करायचे. १९९४ च्या यात्रेत बट्टामबांग भागात दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक साध्वी गेल्या, आणि तरी पुढच्या वर्षी यात्रा निघाली. ही पळणारी माणसं नाहीत दादा.

दूरदेशी:
इतका वेळ वाचत होतो. लिहू की नको असं चाललं होतं पण ताईंचा मूळ प्रश्न मला अगदी जवळचा आहे म्हणून लिहितोच, लांबेल थोडं.

मी कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला होतो, लोवेल गावाजवळ. लोवेलला कंबोडियन वस्ती खूप मोठी आहे, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर तिचंच नाव घेतात. माझ्या टीममध्ये एक कंबोडियन मुलगी होती, तिचे वडील भिक्खू होते. नाव गाव काही सांगत नाही, माणूस अजून आहे. ती मला एकदा विहारात घेऊन गेली आणि मग मी जातच राहिलो. सगळे त्यांना लोक ता म्हणायचे, लोक ता म्हणजे आजोबा, म्हाताऱ्या भिक्खूला आदराने तसं म्हणतात.

लोक ता ख्मेर रूजच्या काळात तेरा चौदा वर्षांचे होते, म्हणजे अंदाजे, कारण जन्मतारीख त्यांना माहीत नाही, कागदावर १ जानेवारी आहे. छावणीतून आलेल्या कितीतरी लोकांची १ जानेवारीच आहे, फॉर्म भरणाऱ्याने काहीतरी टाकायचं म्हणून टाकलेली. पोरांच्या तुकडीत कालवे खणायला होते, दिवसाला एक पळी पातळ पेज, तिच्यात तांदळाचे दाणे मोजता यायचे असं म्हणायचे. आईवडील दोघं गेले. छावणी, मग अमेरिका, कारखान्यात वीस बावीस वर्षं नोकरी, लग्न, मुलगी. बायको वारली, मुलगी कामाला लागली, आणि त्यांनी चीवर घेतलं. म्हणजे ताई, संसार टाळला नव्हता, पुरता करून झाला होता.

मी एकदा तुमचाच प्रश्न विचारला, जरा भीतभीतच. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी उत्तर दिलं ते दीक्षेच्या विधीबद्दल. पाली_शिकतोय दादांना हे माहीत असेल, उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला संघापुढे पालीत प्रश्न विचारतात. अमुक रोग आहे का, तमुक आहे का, त्याला नत्थि भन्ते म्हणायचं. मग "मनुस्सोसि?" माणूस आहेस ना? आम भन्ते. पुरुष आहेस ना? स्वतंत्र आहेस ना, कोणाचा दास नाहीस ना? "अनणोसि?" ऋण नाही ना? राजाचा सैनिक नाहीस ना? आणि मग येतो तो प्रश्न, "अनुञ्ञातोसि मातापितूहि?" आईवडिलांनी परवानगी दिली आहे ना?

प्रश्न सगळ्यांना तेच. आईवडील हयात नसतील तर परवानगीवाचून अडत नाही, पण शब्द बदलत नाहीत, उत्तरही एकच, आम भन्ते. लोक ता म्हणाले, महिनाभर मी ती उत्तरं पाठ करत होतो, पोपटासारखी, कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाची जीभ कुठे वळतेय पालीला. आणि त्या दिवशी तिथे आलो आणि गळा बंद झाला. समोर भिक्खू वाट बघतायत. शेजारच्याने हळूच उत्तर सांगितलं, त्याला वाटलं मी विसरलो. मी विसरलो नव्हतो, पस्तीस वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं की तुझे आईवडील काय म्हणतात.

मुलगी हे भाषांतर करून सांगत होती, ती मधेच थांबली. तिला पण हे आधी माहीत नव्हतं.

मग त्यांनी मला समजावलं की त्यांच्याकडे मुलगा चीवर घेतो त्याचं पुण्य आईवडिलांना जातं अशी समजूत आहे, श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) झाला तर आईचं ऋण फिटतं आणि भिक्खू झाला तर वडिलांचं. कोणाचे वडील वारले तर मुलगा चितेपुढे डोकं करून एकदोन दिवसापुरता का होईना चीवर घालतो. त्यांच्या वडिलांना चिताच नव्हती. कुठल्या खड्ड्यात आहेत ते माहीत नाही. तेरा वर्षांच्या पोराने जे तेव्हा करायचं होतं ते त्यांनी म्हातारपणी केलं, एवढंच. सोडून जाणं वगैरे त्यांच्या डोक्यात कुठेच नव्हतं, त्यांच्या दृष्टीने ते घरी गेले होते.

सडेतोड:
दूरदेशी, हे वाचून काय लिहावं कळत नाहीये. पळवाट हा शब्द मी परत घेतो. न्यायाबद्दलचं माझं म्हणणं तसंच राहील पण तो शब्द घेतो मागे.

काकू_वाचतात:
सगळ्यांनी फार छान लिहिलंय. मला एक सांगायचंय, ह्यात बायका राहून गेल्या. युद्धानंतर कंबोडियात गावंच्या गावं विधवांची होती, पुरुष मारले गेले होते, नांगर पण बायकांनीच धरला. थेरवादी परंपरेत तिथे भिक्खुणी संघ नाही त्यामुळे बायकांना पूर्ण दीक्षा मिळत नाही, त्या डोकं भादरून पांढरे कपडे घालून आठ किंवा दहा शीलं पाळत विहाराच्या आवारात राहतात, त्यांना ख्मेर भाषेत "दोन ची" म्हणतात. त्यातलं "दोन" म्हणजे आजी. मी कंबोडियाला ग्रुप टूरबरोबर गेले होते तेव्हा सीएम रीपजवळच्या एका विहारात अशा सातआठ आज्या बघितल्या, एकजण विळीसारख्या कशावर तरी केळफूल चिरत होती, हात इतका सराईत चालत होता आणि नजर भलतीकडेच. गाईड म्हणाला हिचे चार मुलगे गेले. मी तिच्या शेजारी टेकले, तिने न विचारता अर्धं केळफूल माझ्याकडे सरकवलं आणि मी पण चिरत बसले, भाषा एकमेकींची एक अक्षर येत नाही. बस निघाली म्हणून हाका मारल्या तेव्हा उठले. मुलाने चीवर घेतलं की आईचं ऋण फिटतं म्हणतात, पण जिचे मुलगेच गेले तिने काय करायचं, तर ती स्वतःच डोकं भादरते. ह्यांचीही हकीकत कोणी लिहायला हवी.

पाली_शिकतोय:
काकू, अगदी बरोबर. धम्मयात्रेत चालणाऱ्यांत ह्या पांढऱ्या कपड्यातल्या आज्या भरपूर असायच्या, १९९४ मध्ये गेल्या त्या ह्यांच्यातल्याच एक. फोटोत मात्र पुढे भगवं दिसतं.

आणि दूरदेशी, "अनुञ्ञातोसि मातापितूहि" मी परीक्षेसाठी पाठ केलंय, व्याकरण पण सांगू शकतो. ते असं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

नदीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं ते केळफूल डोळ्यापुढून जात नाहीये.

मी हे सगळं सकाळपासून तीनदा वाचलं. माझी चूक कुठे होत होती ते आता दिसतंय, मी चीवराकडे घर सोडण्याची खूण म्हणून बघत होते आणि त्या माणसांकडे सोडायला घर होतंच कुठे. क्षमेबद्दल मात्र मी अजून सडेतोड यांच्या बाजूला थोडी आहे, ते एवढ्यात सुटेल असं वाटत नाही.

दूरदेशी, एक विचारू का, जमलं तर सांगा. लोक ता आईवडिलांसाठी पुढे काही करतात का? म्हणजे वर्षश्राद्धासारखं काही? मरणाची तारीखच माहीत नसेल तर काय करतात?

दूरदेशी:
करतात ना. त्यांच्याकडे पचुम बेन म्हणून पंधरवडा असतो, भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे आपला पितृपक्ष असतो तेच दिवस, महिन्याचं नाव पण भाद्रपदावरूनच आलंय. बेन म्हणजे पिंड, शब्द तोच. भाताचे तीळ घातलेले गोळे करतात आणि पहाटे उजाडायच्या आत विहाराभोवती अंधारात टाकत फिरतात, कारण प्रेतांना (म्हणजे भटकणाऱ्या आत्म्यांना) उजेड सोसत नाही, आणि ती सात विहारांत आपल्या माणसांना शोधत फिरतात असं मानतात. लोवेलला त्या दिवसांत पहाटे चांगलाच गारठा असतो, म्हाताऱ्या बायका स्वेटरवर पांढरी उपरणी घेऊन, हातात ताटली, मोबाईलचा टॉर्च मुद्दाम बंद करून चालायच्या.

लोक आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावांची यादी कागदावर लिहून आणतात, भिक्खू ती वाचतात आणि मग कागद जाळतात. मी एक वर्ष लोक तांच्या मागेच बसलो होतो. एकेका कागदावर दहा, बारा, पंधरा नावं, एकाच आडनावाची. एका कागदावर शेवटी नाव नव्हतं, नुसतं "बाळ" लिहिलेलं, त्यांनी तेही त्याच आवाजात वाचलं. त्यांची मुलगी इतरांसारखीच रांगेत उभी राहून आपला कागद देऊन आली, वर आजीआजोबांची नावं. तो बाकीच्यांच्या गठ्ठ्यात मधेच कुठेतरी गेला आणि पाळी आली तेव्हा त्यांनी वाचला, थांबले नाहीत.

आणि तारखेचं विचारलंत तर शेवटचा दिवस सगळ्यात मोठा असतो, अमावस्येचा. आपल्याकडे ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं ज्या दिवशी करतात तोच.